डाव्या मैदानातली शांतता

१९ ऑक्टोबर, बाराओना

वैद्यकीय तपासणी पार पडली. गुडघे, खांदा, रक्तदाब. डोळ्यांचा तक्ता तोच होता, जो मी आजवर प्रत्येक क्लबात पाहिला. तो मला शेवटच्या ओळीपर्यंत पाठ आहे. डॉक्टर मान वर न करता म्हणाला, "छान." छत्तिसाव्या वर्षी कोणी छान म्हटलं की बरं वाटतं.

ही दैनंदिनी यासाठी की या हिवाळ्यात काय होतंय ते मला स्वतःच्या हाताने लिहायचं आहे. आजवर माझ्याबद्दल इतरांनीच लिहिलं: एक ओळ, एक सरासरी, आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या क्लबाचं नाव. मेक्सिको, निकाराग्वा, इटली, पुन्हा मेक्सिको. मी फिरस्ता खेळाडू. मला त्याची लाज नाही. गोदीतला हमाल बंदर बदलतो म्हणून त्याच्या पाठीचं मोल कमी होत नाही.

बेसबॉलच्या हिवाळी लीगची पहिली फेरी ख्रिसमसच्या सुमाराला संपते. सहांपैकी चार क्लब पुढे जातात, आणि बाहेर पडलेल्या दोन क्लबांतले चांगले खेळाडू ते आपसांत निवडून घेतात. आमचा क्लब बाहेर पडणार हे मैदानाला पाणी मारणाऱ्यालाही ठाऊक आहे. त्यामुळे इथे जो तो त्या निवडीसाठी खेळतो. निवडला गेलो तर जानेवारीत खेळेन, जानेवारीत मेक्सिकोच्या क्लबांची माणसं बघायला येतील, उन्हाळ्याची सोय होईल. नाही निवडला गेलो तर हातो मायोर गावात माझा मेहुणा सिमेंटच्या विटा पाडतो. माझ्यासाठी जागा राखून ठेवलीय म्हणतो. हे म्हणताना त्याच्या चेहऱ्यावर दया असते. विटा मी पाडीन, पण ती दया मला सोसायची नाही.

२७ ऑक्टोबर

दोन सामने. बॅटीने तीन फटके बसले. मी डावखुरी बॅट धरतो, अलीकडे पिचरकडे जरा जास्त वळून उभा राहतो, आणि चेंडू स्वच्छ दिसतो. व्यवस्थापक डॉन सिप्रियान म्हणाले, "ओक्ताविओ, हात अजून शाबूत आहेत तुझे."

मैदानात मात्र दोन उंच चेंडू दिव्यांत हरवले. तिसऱ्या खांबावरचे निम्मे दिवे गेलेले आहेत. अंधाराच्या त्या भोकात चेंडू शिरतो आणि बाहेर येतो तेव्हा फार उशीर झालेला असतो.

मी डाव्या मैदानात उभा असतो आणि माझ्या डाव्या हाताला, मधल्या मैदानात नेफ्ताली असतो. वय सव्वीस, हरणाचे पाय. त्याच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला मी धर्मपिता, म्हणजे पाद्रिनो, म्हणून उभा राहिलो, तेव्हापासून आम्ही एकमेकांना कोंपाद्रे म्हणतो. पोरगा गुणी आहे पण तोंडाला विसावा नाही. चेंडू माझ्याकडे आला की बाजारात मासे विकल्यासारखा ओरडतो: "मागे, कोंपाद्रे, मागे. आता थांबा. उजवीकडे." प्रेक्षकांत ढोल आणि कर्णे एवढे वाजत असतात की बॅटीचा आवाज ऐकू येत नाही, पण त्याचा आवाज येतो. मी बॅटीच्या आवाजावर चेंडू ओळखायला शिकलो, तेव्हा याला दात आले नव्हते.

४ नोव्हेंबर

आज कपडे बदलायच्या खोलीत बाकावर चढून बोललो. दिव्यांबद्दल.

म्हणालो, "मालकाच्या घराच्या अंगणात संगमरवरी बायकांच्या पुतळ्यांवर रात्रभर दिवे असतात. त्या पुतळ्यांना चेंडू झेलायचे नसतात. आपल्याला झेलायचे असतात. ज्या माणसाचं पोट त्याच्या डोळ्यांवर चालतं, त्याला अंधारात उभं करणं याला काटकसर म्हणत नाहीत, चोरी म्हणतात."

कॅचर चिचो, ज्याला कशाचीच भीती नाही आणि कशाबद्दल आदरही नाही आणि जो मला वकील म्हणतो, म्हणाला, "वकील, मला तर सगळं दिसतंय. पण तू बोललास की मलाही दिसेनासं होतं."

सगळे हसले, पण हातही सगळ्यांनी वर केले. शनिवारपर्यंत दिवे लागले नाहीत तर मैदानात उतरायचं नाही. नेफ्तालीने हात सगळ्यांत शेवटी वर केला. मी विचारलं, "तुला शंका आहे?" तो म्हणाला, "नाही, कोंपाद्रे. दिवे लागले तर बरंच होईल. देव करो आणि तेवढंच असो."

आजची पोरं लढ्यातही देवाला मध्ये घालतात.

१२ नोव्हेंबर

दिवे लागले. सगळे. मालकाने प्रेक्षकांसमोर हात हलवून श्रेय घेतलं. घेऊ दे. ढोलवाल्यांनी माझं नाव घेऊन ताल धरला. सतरा क्लबांत कुठेही माझ्या नावाचा ताल धरला गेला नव्हता.

पाचव्या डावात एक साधा चेंडू माझ्या मागे चार पावलांवर पडला. नेफ्ताली त्या वेळी बुटाची नाडी बांधत होता आणि तो वर बघेपर्यंत चेंडू खाली आला होता. नवे दिवे फार झगझगीत आहेत. खांबावर चढवताना कोन चुकवलाय, हे उघड आहे.

चिचो बाकावर बसता बसता म्हणाला, "वकील, आता सूर्य लावायला अर्ज करायचा का?"

मी हसलो. पण तो विनोद अजून सलतोय.

१६ नोव्हेंबर

दुपारी नेफ्तालीकडे जेवायला. त्याची बायको योकास्ता, सातवा महिना. मांगू, म्हणजे उकडून कुस्करलेली कच्ची केळी, तळलेली सलामी, चीज. मी कॉफीचा कप पाडला. तिने तो डाव्या हाताला ठेवला होता, आणि मी बोलता बोलता हात हलवतो. माझी धर्मकन्या म्हणे कधीची शेजारी येऊन उभी होती. बाही ओढली तेव्हा मी दचकलो. मुलं मांजरासारखी येतात.

उत्तरेकडचा मोठा क्लब निवडीत पहिलं नाव नेफ्तालीचं घेणार, असं सगळीकडे बोललं जातंय. मग उन्हाळ्यात परदेश. योकास्ता स्वयंपाकघराच्या छपराबद्दल आणि बाळाच्या खोलीबद्दल बोलत होती. मध्येच नवऱ्याला म्हणाली, "सांगून टाका ना त्यांना."

"जेव गप्प."

"मी सांगू?"

"योकास्ता."

मी मान वर केली नाही. पण ऐकलं. घरात माझ्याबद्दल काहीतरी ठरलेलं आहे. त्या क्लबाच्या माणसाशी याचं बोलणं झालंय आणि त्यात माझं नाव निघालंय. डाव्या मैदानात कोण हवं, कोण नको. सरळ तोंडावर सांगितलं असतं तर मी त्याला मिठी मारली असती. मी आयुष्यभर एकाच गोष्टीसाठी भांडलो: जे काही असेल ते चारचौघांत, तोंडावर.

२१ नोव्हेंबर

उत्तरेकडच्या क्लबाचा निरीक्षक आला होता. पांढरी टोपी, पहिल्या रांगेत.

तिसऱ्या डावात कर्णेवाले पाणी प्यायला थांबले होते. सगळं मैदान शांत, आणि माझ्याकडे उंच चेंडू. त्या शांततेत नेफ्ताली सुरू झाला: "डावीकडे, कोंपाद्रे. अजून. अजून दोन पावलं. थांबा. आता हात वर." मी चेंडू झेलला. स्वतः झेलला. आणि प्रेक्षक हसले. कोणीतरी वरच्या रांगेतून ओरडलं, "म्हाताऱ्याला दोरी बांध की, सोपं जाईल." पांढऱ्या टोपीवालाही हसला.

आठव्या डावात माझ्या हद्दीतला चेंडू नेफ्ताली धावत येऊन माझ्या नाकासमोरून घेऊन गेला.

आता चित्र स्वच्छ आहे. त्या माणसासमोर त्याला दाखवायचंय की एक मैदान नाही, दोन मैदानं तो एकटा सांभाळतो. मी त्याचं बाहुलं. ज्याच्या मुलीच्या डोक्यावर पाणी ओतताना मी मेणबत्ती धरली, तोच माझ्या अंगावर पाय देऊन वर चढतोय. भांडवलदार हे करतो तेव्हा मला राग येतो. आपलाच माणूस करतो तेव्हा आधी लाज वाटते, राग नंतर येतो.

२४ नोव्हेंबर

काल न्यायालय भरलं. रविवारच्या सामन्यानंतर खेळाडूंचं न्यायालय भरवायची रीत या खेळाएवढीच जुनी आहे. वयाने मोठा तो न्यायाधीश. मी बर्फाच्या उलट्या पेटीवर बसतो, डोक्यावर ओला टॉवेल, हातात तुटकी बॅट. शिक्षा गमतीच्या: बॅगा उचला, सगळ्यांना तळलेलं चिकन आणा, बसमध्ये उभ्याने प्रवास करा. पण शिक्षा झाली की ती पाळायची. मालकाचा शब्द मोडला तर चालतो, न्यायालयाचा नाही.

चिचोने दोन फालतू खटले चालवले. मग मी टॉवेल काढून ठेवला.

"नेफ्ताली, उभा राहा."

तो हसत उभा राहिला. त्याला वाटलं गंमत आहे.

मी आरोप वाचला नाही, बोललो. म्हणालो, मैदानात प्रत्येकाला आपली जमीन असते. ती कोणी दिलेली नसते, पायांनी मिळवलेली असते. जो शेजाऱ्याच्या जमिनीवर उभा राहून ओरडतो की याला नांगर धरता येत नाही, तो शेजारी नव्हे, जमीनदार. आणि जो हे निरीक्षकाच्या डोळ्यांदेखत करतो, तो आपल्या भावाचं कातडं विकायला काढतो.

कोणी हसलं नाही. मला माहीत आहे मी चांगलं बोललो.

"तुला काही म्हणायचंय?"

त्याने तोंड उघडलं. मग दाराकडे बघितलं. दारात डॉन सिप्रियान उभे होते, हातात कॉफी. नेफ्तालीने त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तोंड मिटलं.

"काही नाही, न्यायाधीशसाहेब."

"गुन्हा कबूल?"

"कबूल."

"शिक्षा: निवड होईपर्यंत मैदानात तोंडातून शब्द काढायचा नाही. चेंडू कोणाकडेही येवो."

तेव्हा मात्र त्याचा चेहरा बदलला. म्हणाला, "दुसरी काहीही द्या. सगळ्यांच्या बॅगा उचलतो, सीझन संपेपर्यंत. बूट पुसतो. ही नको, कोंपाद्रे."

"इथे कोंपाद्रे कोणी नाही. आणि न्याय हा सौदा नाही."

चिचोदेखील म्हणाला, "वकील, जाऊ दे ना, चिकनवर मिटव." मी बॅट पेटीवर आपटली. डॉन सिप्रियान कॉफी संपवून निघून गेले होते.

२९ नोव्हेंबर

तीन सामने शांततेत. किती वर्षांनी मैदानात माझाच श्वास मला ऐकू आला. माझ्याकडे फार चेंडू आले नाहीत. एक आला तो पुढे पडला. वारा.

नेफ्तालीने नवीन चाळा काढलाय. तो मधलं मैदान सोडून माझ्या बाजूला सरकून उभा राहतो, आणि चिचो म्हणतो की चेंडू उडाला की हातवारेही करतो. मला तर एकदाही दिसले नाहीत. चिचोला कुठेही नाटक दिसतं. काल नेफ्तालीने मोकळ्या सोडलेल्या जागेत चेंडू पडला, दोन धावा गेल्या, आणि डॉन सिप्रियाननी त्याला सर्वांसमोर झापलं. पांढऱ्या टोपीवाल्याने मान हलवली. तरी पुढच्या डावात हा पुन्हा माझ्याच बाजूला.

मत्सर माणसाला चुकीच्या जागी उभं करतो.

७ डिसेंबर

काल सातव्या डावात चेंडू आमच्या दोघांच्या मधल्या आभाळात उडाला. मी तो दिव्यांपर्यंत पाहिला. मग तो दिव्यांत गेला. मी धावलो, कारण तो माझा होता. मैदान रिकामं होतं. शपथेवर सांगतो, माझ्या डावीकडे कोणी नव्हतं.

शेवटच्या क्षणी एक आवाज आला. "कोंपाद्रे." एकदाच, अगदी कानाजवळ.

माझं कपाळ त्याच्या जबड्यावर आदळलं. त्याचा गुडघा माझ्याखाली वाकला, ज्या बाजूला गुडघा वाकत नाही त्या बाजूला. ढोल थांबले. चेंडू आमच्यापासून बराच दूर पडला होता, माझ्या मागे. तो तिथे कसा गेला हे मला अजून समजलेलं नाही.

मला डाव्या भुवईवर टाके. त्याचा जबडा मोडला, गुडघ्याच्या आत काहीच जागेवर उरलं नाही म्हणतात.

एक गोष्ट लिहून ठेवतो. तो ओरडला, म्हणजे शिक्षा त्याने मोडली. मी हे न्यायालयात आणणार नाही. माणुसकी म्हणून काही असते.

१० डिसेंबर

इस्पितळात गेलो. नेफ्तालीचे दात तारांनी बांधलेत. त्याला बोलता येत नाही. माझ्याकडे बघत राहिला, आणि मग भिंतीकडे. डॉक्टर म्हणतो, चालेल. धावेल का, असं विचारल्यावर तो पुन्हा म्हणाला, चालेल.

मालक उपचारांना नाही म्हणत होता. मी सगळ्या खेळाडूंना त्याच्या कचेरीच्या पायऱ्यांवर नेऊन बसवलं आणि तासभर बोललो. त्याने मान्य केलं. हे मी योकास्ताला सांगितलं. वाटलं, निदान एवढ्याने तिचं मन माझ्याकडे वळेल.

ती म्हणाली, "हे रोज घरी येऊन म्हणायचे, सांगू का त्यांना. आणि रोज स्वतःच म्हणायचे, नको, निवड होऊन जाऊ दे. कळलं तर त्यांना काढून टाकतील."

"कोणाला काढतील?"

मी तिला समजावत होतो की माझ्या मनात राग नाही, त्याने निरीक्षकाशी काय बोलणी केली ती त्याची त्याच्यापाशी. तेवढ्यात मुलगी म्हणाली, "आई, तू पाद्रिनोंना चार बोटं का दाखवतेस?"

मी वळलो. योकास्ताचा हात माझ्या डाव्या कानाजवळ होता, चार बोटं उघडलेली. किती वेळ होता कोण जाणे. तिने तो हळूच खाली घेतला.

"काही नाही," ती म्हणाली. "माशी होती."

रडून रडून तिचं डोकं ठिकाणावर नाही. मी निघालो तेव्हा ती दारापर्यंत आली नाही.

१३ डिसेंबर

टाके सुजल्यामुळे डावा डोळा पट्टीखाली आहे. डॉक्टर म्हणाला विश्रांती घे. मी पट्टी बांधूनच बॅटीचा सराव केला, आणि एक अभिमानाची गोष्ट: काडीचाही फरक पडला नाही. दोन्ही डोळ्यांनी दिसतं तेवढंच दिसलं. चिचो जाळीला टेकून बघत होता. त्याने नेहमीसारखी टोमण्याची वेळ साधली नाही. नुसतं विचारलं, "वकील, पट्टी सोडल्यावर काय बदलतं रे?"

"काहीच नाही," मी म्हणालो. "सराव याला म्हणतात."

तो उठून गेला. आज संध्याकाळी जेवायलाही माझ्या टेबलावर बसला नाही.

२२ डिसेंबर

निवड झाली.

उत्तरेकडच्या क्लबाच्या यादीत पहिलं नाव नेफ्तालीचं होतं. ते खोडावं लागलं. बाकीच्या क्लबांनी आमची चांगली पोरं उचलली. उत्तरेकडच्यांना बाहेरच्या मैदानाचा डावखुरा माणूस हवाच होता, आणि उरलेल्यांत मी होतो.

डॉन सिप्रियाननी मला खोलीत बोलावलं. फोन उलटा टेबलावर ठेवलेला, पलीकडे उत्तरेकडच्या क्लबाचा माणूस ताटकळत. "ओक्ताविओ," ते म्हणाले, "यांना मी तुझ्याबद्दल काही सांगायला हवं का?"

"सांगा की मी तयार आहे."

"बस, एवढंच?"

"आणखी काय असतं?"

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. या माणसाने चाळीस वर्षं खेळाडू पाहिलेत. न्यायालयाच्या दिवशी दारात उभं असताना जसे डोळे होते तसेच होते. मग त्यांनी फोन उचलला आणि म्हणाले, "तयार आहे म्हणतो." पलीकडून काही विचारलं गेलं असावं. ते म्हणाले, "हात उत्तम आहेत त्याचे."

मेहुण्याला कळवलं. त्याच्या आवाजातली दया एकदाची गेली.

निघण्याआधी नेफ्तालीकडे गेलो. दार योकास्ताने उघडलं, पण आत घेतलं नाही. म्हणाली, झोपलेत. आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मी तिला सांगितलं की मला त्याच्या जागी घेतलंय आणि मी त्याचं नाव खाली पडू देणार नाही. ती म्हणाली, "तिकडे मधल्या मैदानात कोण आहे?"

"माहीत नाही. का?"

"सहज," ती म्हणाली, आणि दार लावलं.

२८ डिसेंबर, उत्तरेकडे

मोठं मैदान. दिव्यांचे सहा खांब, एकही दिवा गेलेला नाही. इथे भाषणाची गरज नाही. माझ्या मागची, मैदानाच्या कडेची भिंत नव्याने बांधलीय, सिमेंटची; धावत येऊन आदळणाऱ्यासाठी तिला अजून गादी बसवायची आहे. जानेवारीत बसवू म्हणतात. दोन दिवस थांबून मी यावरही बोलेन.

मधल्या मैदानात एक अमेरिकन आहे. सूर्यफुलाच्या बिया चघळतो, टरफलं थुंकतो, आणि त्याला आमची भाषा येत नाही. दुभाष्यामार्फत विचारलं की चेंडू उडाला की तू हाक देतोस का. तो म्हणाला, नाही, ज्याचा त्याने बघावा. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. इतक्या क्लबांत पहिल्यांदाच मला हवा तसा शेजारी भेटला.

दुपारच्या सरावात, चेंडू वर गेला की मी दोनदा डावीकडे कान लावला. जुनी सवय आहे. जाईल.

पांढऱ्या टोपीवाला पहिल्या रांगेत येऊन बसलाय. त्याच्या शेजारी दोन माणसं आहेत, मेक्सिकोची असावीत. ढोल सुरू झालेत. मधल्या मैदानातला माणूस माझ्याकडे बघतही नाही. मैदानात आज माझं नाव कोणी घेणार नाही.

मला बोलावताहेत. वही बॅगेत टाकतो.